शेवटच्या मेंढीकडे बघणारी

समजा, तुमच्यासमोर दोनशे दहा मेंढ्या उभ्या आहेत. सकाळची वेळ आहे, ऊन अजून कोवळं आहे आणि पायाखालचं गवत वाळून पिवळं पडलंय. तुमच्या हातात पत्र्याचा एक डबा आहे, डब्यात मूठभर खडे. डबा खुळखुळवायचा आणि कळपाला खालच्या फाटकापासून पाण्याच्या हौदापर्यंत चारशे पावलं पळवायचं. फार जोरात नाही, अगदी रमतगमतही नाही. पुढच्या मेंढ्यांकडे बघायचं नाही, त्यांच्याकडे सगळेच बघतात. तुम्ही बघायचं ते शेवटच्या मेंढीकडे. ती मागे का राहिली? म्हातारी झाली म्हणून? पायात काटा रुतलाय म्हणून? की तिच्या आत असं काही चाललंय, जे ती उभी असताना दिसत नाही? चारशे पावलं संपायच्या आत तुम्हाला हे ठरवायचंय. आणि हे रोज करायचंय, गवत वाळायला लागल्यापासून पुढचा पाऊस येईपर्यंत, म्हणजे वर्षातले पाच महिने.

माझी मोठी मावशी हे अठ्ठेचाळीस वर्षं करत आली आहे.

कळपाच्या मागे चालून चालून तिचं नाव ‘शेपूट’ पडलं. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण तिला ते माहीत आहे. एकदा फाटक दुरुस्त करायला आलेल्या सुताराने तिच्यासमोरच विचारलं, "शेपूटमावशी इथंच राहतात का?" मावशी म्हणाली, "हो, बसा. शेपूट चहा करतेय." तो बिचारा चहा न पिताच कामाला लागला.

ती उंच, हाडकुळी आहे. डोळ्यांभोवती ऊन बघून बघून पडलेल्या सुरकुत्या. बोलते कमी, पण जे बोलते ते समोरच्याला घरी घेऊन जावं लागतं. यजमान लवकर गेले, मूलबाळ नाही. दोन शेतं, एक कळप, एक कुत्रा. आणि तिच्या दोन्ही शेतांत आसपासच्या दहा शेतांत नसेल एवढा चारा.

हा चारा म्हणजे काय, ते थोडं सांगायला हवं. त्यावाचून पुढचं कळणार नाही. आमच्याकडे पाऊस थंडीत येतो आणि थंडीतच संपतो. उरलेलं वर्ष जमीन भाजत असते. अशा ठिकाणी कायमचं गवत टिकत नाही. टिकतं ते एका वर्षाचं आयुष्य असलेलं. पहिल्या पावसात उगवायचं, थंडीत वाढायचं, ऊन चढायच्या आत फुलून बी टाकायचं आणि मरून जायचं. मावशीच्या शेतात अशी दोन झाडं एकत्र वाढतात. एक क्लोव्हर, बरसीमच्या कुळातली, तीन पानांची, जमिनीलगत पसरणारी. तिची गंमत अशी की फूल सुकलं की ती मान खाली घालते आणि आपलं बोंड स्वतःच मातीत खुपसते. बियांचं कवच इतकं कठीण की काही बिया पुढच्या वर्षी उगवतात, काही तीन वर्षांनी, काही त्याहून उशिरा. दुसरं रायगवत. सरळ, उंच, चमकदार पात्याचं, लवकर वाढणारं. क्लोव्हर पोषण देते, गवत पोट भरतं.

वरच्या शेतात मेंढ्या हिरव्यातच चरतात. खालचं शेत मावशी राखून ठेवते आणि वाळल्यावर कापून त्याचे गठ्ठे करते. ते कधी कापायचं याबद्दल तिचा एकच नियम. मातीत बोट घालायचं, क्लोव्हरचं बोंड उकरायचं, फोडायचं. बी काळं झालं असेल तरच विळा लावायचा. हिरवट असेल तर थांबायचं. बाकीचे लोक गवत कोवळं असतानाच कापून मोकळे होत. मावशी त्यांना हसायची. "आधी जमिनीचं ताट वाढायचं असतं," ती म्हणायची. "हे लोक तिच्या पुढ्यातलं उचलून खातात आणि पुढच्या वर्षी विचारतात, शेत ओसाड का?"

तिचं शेत कधी ओसाड पडलं नाही. एका वर्षी कृषी खात्याचे लोक येऊन फोटो काढून गेले. मावशीने फोटोत यायला नकार दिला. कुत्रा आला.

मी शहरात चारा तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला चार दिवसांची सुट्टी काढून तिच्याकडे गेले होते. मंगळवारी सकाळी तिच्याबरोबर फाटकापाशी उभी होते. तिने डबा वाजवला. कळप निघाला. धूळ उडाली, खुरांचा तो पाऊस पडल्यासारखा आवाज आला आणि आम्ही मागून चालू लागलो.

सगळ्यात मागे ‘म्हातारी’ होती. तिचे पुढचे दात पडलेत, म्हणून ती शेतात न चरता अंगणातच असते. मावशी तिला गठ्ठ्यातलं गवत बारीक कापून घालते. पण सकाळी पळायला तिलाही सुट्टी नाही. "पाय मोकळे होतात तिचे," मावशी म्हणाली. "आणि माझेही."

दोनशे पावलं झाली असतील. म्हातारीचे पुढचे पाय अचानक उंच उचलले जाऊ लागले, अदृश्य पायऱ्या चढत असल्यासारखे. मग ते ताठ झाले. ती एका कुशीवर कोसळली, मान मागे वळली आणि चारही पाय हवेत पळत राहिले.

मी धावले. मावशीने माझा दंड धरला. "हात लावू नकोस. आवाज करू नकोस."

आम्ही उभ्या राहिलो. पुढे कळप हौदापाशी पोचला होता. मिनिटभराने म्हातारीचे पाय थांबले. ती उठली, अंग झटकलं आणि काहीच झालं नसल्यासारखी आमच्याकडे बघू लागली. हेच जास्त भयंकर होतं. तिच्याकडे बघून कुणीही म्हटलं असतं, मेंढी ठणठणीत आहे.

मावशीचा चेहरा मात्र उतरला होता. ती स्वतःशीच बोलत होती. "पाणी तेच. हवा तीच. वाडा तोच." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाकीच्यांनी खाल्लं नाही असं हिने काय खाल्लंय?"

उत्तर आम्हा दोघींनाही एकदमच सुचलं. गठ्ठे.

गोठ्यात जाऊन मी एक गठ्ठा सोडला. गवताच्या ओंब्या उन्हाकडे धरून भिंगातून बघितल्या. दहातल्या दोन ओंब्यांवर, दाण्यांच्या मधे, वाळलेल्या डिंकासारखे पिवळे ठिपके होते. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला पुस्तकात यावर एक परिच्छेद होता. अगदी बारीक सूत्रकृमी रायगवताच्या फुलात शिरतात आणि दाण्याच्या जागी गाठ करतात. त्यांच्या अंगाला चिकटून एक जीवाणू आत जातो. जीवाणू वाढतो, पिवळा चिकट स्राव येतो, आणि त्या ओंबीत विष तयार होतं. हिरव्या पात्यात काही नसतं. जे काही असतं ते ओंबीत. वाळल्यावरही ते जात नाही. जनावराच्या अंगात ते थोडं थोडं साठत राहतं. उभं असेपर्यंत जनावर बरं दिसतं. हाकललं, घाबरवलं, पळवलं की कोसळतं. परीक्षेत या प्रश्नाला चार गुण होते. मला चारही मिळाले होते.

मी हे सगळं घाईघाईने सांगितलं. मावशीने शेवटी एवढंच विचारलं, "ओंबी यायच्या आधी कापलं असतं तर?"

"तर काही झालं नसतं."

ती गठ्ठ्यांच्या ढिगाकडे बघत राहिली. ढीग अर्धाच होता. उरलेला अर्धा, साठ गठ्ठे, तिने महिन्याभरापूर्वी धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या मामाला दिले होते. टेकडीपलीकडे त्याचा तीनशे मेंढ्यांचा कळप आहे आणि यंदा त्याच्या शेतात खुंटसुद्धा उरला नव्हता. त्याच्या विहिरीचं पाणी तळाला गेलं होतं. शुक्रवारी तो सगळा कळप घेऊन नदीकाठच्या कुरणावर जाणार होता.

नऊ किलोमीटर, हाकत.

मावशीने फोन लावला आणि मलाही ऐकू येईल असा धरला. मामाचा आवाज नेहमीसारखा मोठा होता.

"तुझी एक म्हातारी पडली म्हणून मी तीनशे मेंढ्या बांधून ठेवू? अगं ताई, तिचं वय बघ. उद्या तू पडलीस तर मी गाव रिकामं करू का?"

"थट्टा करू नकोस. ते गठ्ठे काढ पुढ्यातून. आणि त्यांना हाकू नकोस."

"काढतो. आणि घालू काय? तुझा सल्ला?"

"तपासायला पाठवतेय. तुझी भाची घेऊन जाईल."

"निकाल कधी?"

मी सांगितलं, शनिवारी.

"वा! आणि माझं पाणी संपतंय गुरुवारी." मग त्याचा आवाज जरा खाली आला. "ताई, खरं सांगू? तू अजून त्या शीळवाल्याला मानगुटीवर घेऊन फिरतेस. मेंढी पडली की तुला तोच दिसतो. पुरे कर आता."

मावशीने फोन ठेवला. तिच्या हातातली ओंबी चुरगळली गेली होती.

शीळवाल्याबद्दल मी आईकडून उडतउडत ऐकलं होतं. त्या दुपारी नमुने पिशव्यांत भरताना मावशीने पहिल्यांदा ते सगळं सांगितलं.

तिच्या वडिलांकडे, म्हणजे माझ्या आजोबांकडे, एक गडी होता. कळपाने पाय उचलावेत म्हणून शीळ घालायचा. तीच त्याची काठी. मावशी तेव्हा चौदा वर्षांची होती, मामा सहा वर्षांचा. लोकर कातरायच्या आदल्या दिवशी शीळवाला कळप खालच्या शेतातून वाड्याकडे आणत होता. हेच खालचं शेत. मावशी कुंपणावर बसली होती. त्या दिवशी एकोणीस मेंढ्या वाटेत पडल्या आणि उठल्या नाहीत.

आजोबा धावत आले. म्हणाले, "पळवल्यास तू. कातरणीच्या आधी लवकर सुटावं म्हणून पळवल्यास." तो म्हणाला, "मालक, नेहमीच्याच चालीनं आणल्या. आपोआप पडल्या." आजोबांनी कुंपणाकडे बघून विचारलं, "तू होतीस ना इथं? सांग."

"आणि मी म्हटलं, पळवत होता," मावशी म्हणाली.

"होता का?"

"मेंढ्या पळत होत्या. तो मागे होता, हात वर करून. एवढं मला दिसलं. बाकीचं मी जोडलं." ती पिशवीचं तोंड बांधत होती. गाठ तीनदा सुटली. "त्याने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही गं. नवल वाटल्यासारखं. मग घोंगडी उचलून चालायला लागला. टेकडीवर दिसेनासा होईपर्यंत मी बघत होते. शीळ नाही घातली त्याने."

दुसऱ्या उन्हाळ्यापासून ती स्वतः कळपाच्या मागे चालू लागली. आजोबांना वाटलं, पोरगी कामाची निघाली. खरं तर तिला बघायचं होतं, नुसतं पळवल्याने मेंढी मरते का. अठ्ठेचाळीस वर्षांत नुसतं पळवल्याने एकही मेली नव्हती.

बुधवारी मी शहरात जाऊन नमुने प्रयोगशाळेत दिले आणि गुरुवारी सकाळी परत आले, ती थेट मामाकडे. मावशी आधीच पोचली होती. डबा तिच्या पिशवीत होता. अंगणात दोघं समोरासमोर उभे होते. मामी दारात.

"गठ्ठे काढलेस?" मावशी विचारत होती.

"काल काढले. भुकेल्या आहेत बघ, ओरडतायत. उद्या पहाटे निघणार. ताई, कागदावर लिहून आलेलं काही आहे का तुझ्याकडे? नाही. मग तुझ्या म्हातारीच्या भरवशावर मी इथं पाण्यावाचून बसू?"

मावशीच्या मनात काय चाललं होतं ते मला दिसत होतं. त्याला पटवायचा एकच रस्ता होता, आणि त्या रस्त्यावर मेंढ्या मरणार होत्या.

"वीस दे मला," ती शेवटी म्हणाली. "पळवून दाखवते. सगळ्या हौदापर्यंत पोचल्या तर उद्या खुशाल जा. मीही येईन मागून."

"तगड्या देतो हं," मामा म्हणाला. "नंतर म्हणू नकोस, मेलेल्याच दिल्या होत्यास."

त्याने निवडून वीस काढल्या. भरल्या अंगाच्या, चमकत्या डोळ्यांच्या. मावशीने डबा वाजवला.

पन्नास पावलं. शंभर. मी शेवटच्या मेंढीकडे बघत होते, मावशीही. ती जरा लंगडत होती, पण पळत होती. दोनशे पावलं. मामा कमरेवर हात ठेवून हसू लागला. मावशीच्या खांद्यांवरचा ताणही सैलावला असं मला वाटलं. मी मनातल्या मनात म्हणत होते, माझं चुकलेलं असू दे. ते ठिपके नुसते डिंकाचे असू देत.

तेवढ्यात पुढची पडली.

शेवटची नव्हे, पहिली. सगळ्यांत दांडगी, सगळ्यांच्या पुढे धावणारी. तिच्या मागची तिला अडखळून पडली असं आधी वाटलं. पण ती अडखळली नव्हती, तिचेही पाय ताठ झाले होते. मग तिसरी. मावशी जागच्या जागी थिजली. आयुष्यभर ती शेवटच्या मेंढीकडे बघत आली होती, आणि पडत होत्या त्या पुढच्या. नंतर विचार केल्यावर कारण अगदी साधं निघालं. तगड्या मेंढ्या लहानांना ढकलून गव्हाणीशी पोचतात. महिनाभर सगळ्यांत जास्त गवत त्यांनीच खाल्लं होतं.

सात पडल्या. पाच उठल्या.

मामाचा चेहरा पांढराफटक पडला होता. वाड्यात उरलेल्या दोनशे ऐंशी मेंढ्या माना वर करून आमच्याकडे बघत होत्या. तो ओठ न हलवता म्हणाला, "ताई. डबा. डबा हळूच खाली ठेव."

मावशी वाकली. एकही खडा वाजू न देता तिने डबा मातीत ठेवला. त्याला किती वेळ लागला ते मी सांगू शकणार नाही.

मी सुट्टी वाढवून घेतली. त्यानंतरचे दिवस मी विसरणार नाही. विषाला उतारा नव्हता. करायचं होतं ते एवढंच, की चांगला चारा द्यायचा आणि त्यांना घाबरू द्यायचं नाही. किती दिवस? दहा, पंधरा, कुणी सांगू शकत नव्हतं. कुत्र्याला स्वयंपाकघरात कोंडलं. मामीने भांडी घासायची बंद केली, नुसती विसळायची. पाण्याचा टँकर दूर रस्त्यावरच थांबवला आणि तिथून नळी ओढली. शेजाऱ्याकडून जवाचं भुसकट आणलं ते डोक्यावरून, गाडी न वापरता. मोटारसायकलवरून येणाऱ्याला अर्ध्या वाटेत हात करून उतरवायचं आणि गाडी ढकलत आणायला लावायची. सगळे कुजबुजत बोलत. मामासारखा माणूस, ज्याचा फोनवरचा आवाज दोन शेतं ओलांडून जातो, तो खुणा करून मीठ मागायला लागला.

आणि मेंढ्या उभ्या होत्या. रवंथ करत होत्या. दिसायला उत्तम. मधूनच एखादी, शेजारणीचा नुसता धक्का लागून, पाय ताठ करून कोसळायची. कधी उठायची, कधी नाही. मेलेलीला तिथून ओढून न्यायचीही सोय नव्हती. बाकीच्या बिचकल्या असत्या. संध्याकाळी त्या पलीकडच्या कोपऱ्यात सरकल्या की मगच हलवायची.

शनिवारी फोन आला. मी तो घराच्या मागे जाऊन घेतला. विष होतं. भरपूर होतं.

त्याच दुपारी वारा सुटला. वाड्याच्या छपराचा एक पत्रा खिळ्यातून सुटला होता आणि वाऱ्याबरोबर उचलून आपटायला बघत होता. पहिल्या आपटण्याला चार मेंढ्या पडल्या. खिळा ठोकायचा म्हणजे हातोडा. हातोडा म्हणजे आवाज. मामा आणि मी एकमेकांकडे बघत होतो, तोवर मावशी शिडीवर चढली होती. त्रेसष्ट वर्षांची बाई, पदर खोचून, चार हातापायांवर छपरावर सरकत गेली आणि त्या पत्र्यावर मांडी घालून बसली.

मामी खालून दबक्या आवाजात म्हणाली, "वन्सं, अहो खाली या. पडाल."

"मी उठले तर पत्रा उडेल," मावशी वरून म्हणाली. "पाणी तेवढं द्या."

वारा रोज दुपारी बारा-एकला सुटायचा आणि ऊन उतरेपर्यंत चालायचा. नऊ दिवस मावशी त्या पत्र्यावर बसली. नुसते दगड त्या उतारावर टिकले नसते. डोक्यावर ओला फडका, मांडीवर दगड. तिथून तिला सगळा कळप दिसायचा. कोण पुढे, कोण मागे, आता त्याला अर्थ नव्हता. ती सगळ्यांकडेच बघायची.

शेवटच्या दुपारी मामाही वर जाऊन तिच्याशेजारी बसला. मी शिडीवर होते, पाण्याचा तांब्या घेऊन. तो हळू आवाजात म्हणाला, "ताई, तो पळवत नव्हता गं बहुतेक."

"तू सहा वर्षांचा होतास."

"कान होते मला. पळवायच्या असल्या की तो शीळ घालायचा. त्या दिवशी शीळ नव्हती."

"होती."

"नव्हती, ताई."

"होती रे," ती म्हणाली, पण मग तिने मान खाली घातली. "मला आठवत नाही. मी इतक्या वेळा आठवलंय, की आता मला माझंच आठवणं आठवतं."

एकूण एकतीस मेल्या. बाकीच्या मेंढ्या पंधरवड्याने नदीकाठी गेल्या, दोन दिवस लावून, थांबत थांबत, कुणीही न हाकता. मामी पुढे भुसकटाची टोपली घेऊन चालली आणि त्या तिच्यामागे गेल्या.

परत आल्यावर मी मावशीला पुढचं सांगायला बसले. वही काढून, आकृती काढून. पुढच्या वर्षी ओंबी यायच्या आधी गवत वरून कापायचं, किंवा मेंढ्या सोडून ते कोवळंच खाऊ द्यायचं. तिने विचारलं, "आणि क्लोव्हरचं बी?"

"ती बुटकी असते. वरचं गवत काढलं तर तिला ऊनच मिळतं. बोंड ती खाली पुरतेच."

"म्हणजे मी थांबत होते त्याची गरजच नव्हती?"

इतक्या वर्षांचा नियम मी दोन वाक्यांत मोडला होता. आणि खरी गोष्ट त्याहून वाईट होती, तीही सांगावी लागली. ओंब्या गळून गाठी मातीत पडल्या आहेत. त्या तिथं राहणार. जी जमीन तिने बियांनी भरून ठेवली, तिच्यात आता हेही भरून आहे. खालच्या शेताकडे ती आता बघतसुद्धा नाही.

तिने एक दिवस माळ्यावरून जुनं खोगीर काढलं. आजोबांच्या घोड्याचं. म्हणाली, हे त्याच वर्षी भरलं होतं, शीळवाला गेला त्या उन्हाळ्यात, खालच्या शेतातल्याच गवताने. वाळल्यावरही विष जात नाही म्हणालीस ना? मग तपास. आम्ही अंगणात बसून शिवण उसवली. आतून धुळीसारखं गवत निघालं. मी ते कागदावर पसरून भिंगाखाली घेतलं, काडी न् काडी. सगळ्या नुसत्या काड्या होत्या. ओंबी एकही नाही. खोगीर भरताना ओंब्या झोडून टाकतात, घोड्याला टोचू नयेत म्हणून.

मी तिला जे माहीत आहे ते सगळं सांगितलंय. आजोबांनी ते शेत पहिल्यांदा पेरलं, त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. बियाणं बाहेरून पोत्यातून आलं होतं. रोग बियाण्याबरोबर येऊ शकतो, पण वाढायला काही वर्षं घेतो. तीन वर्षं कमी नाहीत, पुरेशी आहेत असंही म्हणता येत नाही. त्या प्रसंगानंतर आजोबांनी तिथं पंधरा वर्षं जवच घेतला, आणि पुन्हा गवत पेरलं तेव्हा बियाणं नवं आणलं. म्हणजे आत्ताचं विष जुनं असेल किंवा नवं असेल. शीळवाल्याने पळवल्या असतील किंवा पडणाऱ्यांच्या मागे हात वर करून धावला असेल. तो कुठे गेला हे कुणालाच माहीत नाही.

मावशी अजून रोज सकाळी कळप पळवते. आता ती मागे नसते. एका बाजूने चालते, सगळ्या दिसतील अशी. डबा घरीच असतो.

आणि दर रविवारी तिचा फोन येतो. माझी तब्येत, आईची तब्येत, कामावरचा साहेब अजून तसाच आहे का. हे सगळं झालं की ती विचारते, प्रत्येक वेळी नव्याने सुचल्यासारखं:

"अगं, त्या वर्षी गवत ओंबीवर आलं होतं का, हे आता कशावरून कळेल गं?"